धवल्यातली नावं

सिनेमा बघून बाहेर पडणाऱ्या माणसाला ‘कसा वाटला?’ असं कधी विचारू नये. मुंबईत म्हणे लोक ‘छान, वेगळा प्रयत्न’ म्हणून सुटतात. आमच्याकडे माणूस थांबतो, हातातली पिशवी खाली ठेवतो आणि सविस्तर सांगतो.

विरारच्या मॉलमधल्या थिएटरने आम्हाला शनिवारी सकाळचा एक खेळ दिला होता. ‘मांडव कोनाचा’ हा माझा पहिला सिनेमा. लेखक मी, दिग्दर्शक मी, संकलक मी. शूटिंगच्या दिवसांत चहाचा थर्मासही मीच उचलायचो. त्यामुळे खेळ सुटल्यावर दाराशी उभं राहून लोकांची बोलणी खायची पाळीही माझ्यावरच आली.

पहिले आले सुधाकरकाका, आमचा हिरो सिद्धेश याचे वडील. चंदनसारची अख्खी सोसायटी ते घेऊन आले होते. “हितेश, पिक्चर चांगला झालाय. पण आमच्या सिद्धेशला एक गाणं द्यायचं की रे! आणि तो तिला बोलत का नाही? इंटरव्हलच्या आतच बोलायला हवं होतं.” मागची सोसायटी माना डोलवत होती.

मग थेरेसा आंटी, माझा साउंडवाला शेल्डन याची आई, खास पापडीहून आलेली. “मला आवडला रे बाबा. पण लग्न दाखवलंस आणि जेवण दाखवलं नाहीस? असं कुठे असतं? आणि त्या पोराला कोणीतरी फादरकडे न्यायला पाहिजे होतं. मनात ठेवून ठेवून माणूस आजारी पडतं.” त्यांच्यामागून कॉलेजातली दोन पोरं आली. “क्यूट आहे, पण स्लो आहे. आणि पोस्टरवर तुम्ही रोमँटिक कॉमेडी लिहिलंय, मग एंडिंगला रडवता कशाला?”

सगळ्यांचं म्हणणं फिरून तिथेच येत होतं, हा बोलत का नाही. गोष्ट तशी साधी आहे. मांडव घालणारा एक पोरगा, शेजारच्या पोरीवर त्याचा जीव. तिचं लग्न ठरतं आणि मांडवाचं काम नेमकं त्यालाच मिळतं. तो पडदे लावतो, झुंबर टांगतो, तिच्या बापाशी खुर्च्यांवरून भांडतो, लोक हसतात. मनातलं तेवढं बोलत नाही. लग्न लागतं, नवरी जाते आणि हा मांडव सोडायला घेतो. संपला सिनेमा.

ही सगळी मतं मी हसून ऐकून घेतली, पण खरं सांगायचं तर त्यातलं एकही मला नको होतं. मला मत हवं होतं फक्त रीमाचं.

रीमा माझी हिरोईन. आमच्याच खाडीकाठच्या आगरी गावातली, माझ्या घरापासून दोन घरं सोडून राहणारी. वसईत एका लॅबमध्ये रक्त तपासायची नोकरी करते. शाळेच्या गॅदरिंगनंतर तिने तोंडाला कधी रंग लावला नव्हता. सिनेमात काम करशील का, असं मी विचारलं तेव्हा तिने फक्त सुट्टी किती टाकावी लागेल ते विचारलं. ज्याला बोलता येतं तो फोन करतो, ज्याला येत नाही तो कॅमेरा भाड्याने आणतो. कॅमेऱ्यातून मी तिच्याकडे हवं तितका वेळ बघू शकत होतो आणि कोणी काही म्हणत नव्हतं. तितकं सुख मला आधी कधी मिळालं नव्हतं, नंतरही नाही.

लग्नाच्या प्रसंगासाठी मी भागूआजींना बोलावलं. त्या गावच्या धवलारीण. आमच्यात लग्नाला भटजी उशिरा आला तरी चालतो, धवलारणीवाचून चालत नाही. हळदीपासून पाठवणीपर्यंत प्रत्येक विधीचं गाणं तिच्या तोंडी असतं. त्या गाण्याला धवला म्हणतात, आणि त्यात नवरा-नवरीची नावं घालून ती गाते. मी आजींकडून पात्रांची नावं पाठ करून घेतली. नवरी सुलभा, नवरा मोहन. “खोट्या मानसांचा धवला कसा म्हनू रं?” त्या कुरकुरल्या, पण आल्या.

बायकांची गर्दी आम्ही आदल्या दिवशीच टिपून ठेवली होती. त्या दिवशी मांडवात रीमा, आजी, ढोलवाला आणि आमची चार टाळकी. मॉनिटर ओटीवर होता आणि शेल्डनच्या हेडफोनमध्ये नुसता ढोल घुमत होता. मी आवाजाकडे लक्षच दिलं नाही, निम्मा वेळ ढोलवाल्याला हळू वाजव म्हणून खुणा करत होतो आणि उरलेला वेळ रीमाला बघत होतो. टेक एकच झाला, कारण दुसऱ्या टेकला आजी तयारच होईनात. “लगीन दोनदा लावतात काय?” म्हणाल्या आणि पदर खोचून घरी गेल्या.

त्यांनी काय गायलं ते मला संकलनाला बसल्यावर कळलं. नवरी आमुची रीमा, नवरा आमुचा हितेश.

शेल्डनने हेडफोन काढले. “अरे, आजीने तुझं नाव घेतलंय. बोलाव त्यांना, डब करून टाकू. अर्ध्या तासाचं काम आहे.”

“राहू दे,” मी म्हणालो.

“राहू दे?”

“ढोल जरा खाली घे.”

शेल्डनने माझ्याकडे बघितलं आणि ढोल खाली घेतला. पापडीचा माणूस तसा गप्प बसणारा नाही, पण त्या दिवशी बसला.

मला वाटलं, म्हातारीच्या डोक्यात नावांची सरमिसळ झाली असणार. पण ती चूक देवाने माझ्यासाठीच करवून घेतली, असंही वाटलं. शाळेपासून जे मला जमलं नव्हतं ते आजींनी एका ओळीत उरकून टाकलं होतं. आता रीमा थिएटरात बसून ते ऐकणार, मागे वळून माझ्याकडे बघणार, आणि पुढचं पुढे. त्या आशेवर मी त्या प्रसंगाचा रंग सुधारत बसलो, मग आवाज, मग पुन्हा रंग. वर्ष उलटून गेलं. तेवढ्यात एके दिवशी गावच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर रीमाच्या साखरपुड्याचे फोटो आले. मुलगा उरणचा, हरेश, बंदरात नोकरीला. सगळ्यांनी अंगठे टाकले, मीही टाकला. साखरपुडा म्हणजे काही लग्न नव्हे, असं स्वतःला सांगितलं आणि पुन्हा कॉम्प्युटरसमोर बसलो.

तर त्या शनिवारी सकाळी रीमा थिएटरात पुढच्या बाजूला बसली होती, एका बाजूला हरेश, दुसऱ्या बाजूला हरेशची आई. मी भिंतीला टेकून उभा होतो. माझा पहिला सिनेमा पडद्यावर चालला होता आणि मी रीमाच्या मानेकडे बघत होतो. धवला आला. माझं नाव स्वच्छ ऐकू आलं, शेल्डनने काम चोख केलं होतं. चंदनसारच्या सोसायटीला त्यात काही वावगं वाटलं नाही. गावच्या बायकांच्या रांगेत मात्र खसखस पिकली. “भागूबाय, नावं चुकलीस गो!” कोणीतरी अंधारात ओरडलं. रीमा हलली नाही, मागे वळली नाही. पुढचा सिनेमा मला आठवतच नाही.

आता बाहेर बायका भागूआजींची चेष्टा करत होत्या. आता घरी बसा आजी, पुढच्या वेळी भलत्याशीच लग्न लावाल. गावातल्या तीन पिढ्यांची लग्नं या बाईने तोंडपाठ लावली होती, पण त्या कोणाला काही बोलल्या नाहीत. माझ्याजवळ येऊन थांबल्या आणि खालच्या आवाजात म्हणाल्या, “मी कंदी नाव चुकले नाय. आज तुमच्यापायी हसं करून घेतलंय.”

“आजी, मग ते नाव…”

“मला नको इचारू. तिला इचार.” आणि त्या काठी टेकत सरकत्या जिन्याला वळसा घालून लिफ्टकडे गेल्या.

रीमा सगळ्यांच्या शेवटी बाहेर आली, एकटीच. हरेश आईला खाली गाडीत बसवायला गेला होता. ती पॉपकॉर्नच्या काउंटरपाशी थांबली. जे विचारू नये तेच मी तिला विचारलं.

“कसा वाटला?”

“चांगला आहे. मी जरा जास्तच रडलेय. कमी करायला पाहिजे होतंस.”

“रीमा, तो धवला… आजींनी चुकून…”

मी चुकून या शब्दापासून का सुरुवात केली, मला अजून समजत नाही.

“आजी नाही चुकल्या,” ती म्हणाली. “मीच बोलले होते त्यांना.”

“कधी?” मी विचारलं.

“शूटिंगच्या सकाळी त्यांच्या घरी गेले होते. बोलले, नवऱ्याच्या जागी हितेशचं नाव घ्या. त्या ऐकतच नव्हत्या. बोलल्या, धवला म्हनजे मस्करी नाय. मी बोलले, आजी, मस्करी नाहीच आहे.” ती काउंटरच्या काचेवर बोट फिरवत होती. “मला वाटलं, तू ऐकशील आणि कट बोलशील. नाही बोललास. मग वाटलं, एडिटला तरी ऐकशीलच. रोज फोन बघायचे. दिवाळी गेली, शिमगा गेला. रस्त्यात भेटलास की रंगाचं काम चाललंय सांगायचास. शेवटी मला वाटलं, तू ऐकून सोडून दिलंस. घरच्यांना तरी मी किती थांबवणार?”

“मी ऐकलं होतं,” मी म्हणालो. “म्हणून तर ठेवलं. तुला ऐकू यावं म्हणून ठेवलं.”

“हो. ते आज कळलं.” ती हसली, पण डोळे भरले होते. “दोन घरं सोडून राहतोस, हितेश. सिनेमात कशाला सांगायचं होतं?”

तिचा हात धरावासा वाटला. घरी चल, आत्ता तुझ्या बाबांशी बोलतो, असं म्हणावंसं वाटलं. सगळी वाक्यं तयार होती, मी लिहिणारा माणूस आहे.

“रीमा, अजूनही जर…”

“दादा, एक नंबर पिक्चर!” हरेश जिन्यावरून धावत वर आला होता. त्याने माझे दोन्ही हात हातात घेतले. पोरगा देखणा होता आणि त्याहून वाईट म्हणजे चांगला होता. “आई तर दोनदा रडली. तुमच्या हिरोने एकदा तोंड उघडलं असतं ना, तर बिचाऱ्याचं भलं झालं असतं.”

मग तो जरा अवघडला. “एक विचारू? आईच्या मनात किंतु आलाय. आमच्याकडे धवल्याचं फार मानतात. ती बोलते, त्यात रीमाचं आणि तुमचं नाव आलं. मी बोललो, अगं, म्हाताऱ्या बाईची चूक असेल. चूकच ना?”

रीमा माझ्याकडे बघत होती. तिने मान हलवली नाही, डोळ्यांनी काही सुचवलं नाही. तिने सगळं माझ्यावर सोडलं होतं, शूटिंगच्या दिवशी सोडलं होतं तसंच. ‘नाही’ एवढं एकच मला म्हणायचं होतं. मग मी हरेशकडे बघितलं. त्याने अजून माझे हात सोडले नव्हते.

एका वाक्याला वर्ष लावणारा माणूस मी, पण त्या वेळी लगेच बोललो.

“चूकच. भागूआजींचं वय झालंय. आईंना सांगा, मनात काही आणू नका.”

हरेशचा चेहरा उजळला. त्याने मला मिठी मारली, लग्नाला आलंच पाहिजे म्हणाला. रीमाने पर्समधून रुमाल काढला, डोळे पुसले आणि रुमाल नीट घडी करून परत ठेवला.

“चल,” ती हरेशला म्हणाली, “आई गाडीत वाट बघतायत.”

हरेशच्या आईला ती आई म्हणाली.