काजळगड तीन आणि माझं पॅडल

मी एक जुना गेमपॅड आहे, आणि मित्रांनो, आज माझा जीव थाऱ्यावर नाही! समोरच्या पडद्यावर 'काजळगड'चा तिसरा भाग उतरतोय. एक निळी पट्टी मुंगीच्या पावलांनी पुढे सरकते आहे. खोलीत चार माणसं आहेत आणि त्यांतलं एकही धड बसलेलं नाही. ही पट्टी भरेपर्यंत मला काही गप्प राहवणार नाही, तेव्हा माझी कहाणी तुम्हालाच ऐकवतो.

माझा जन्म एका लांबलचक कारखान्यात झाला. सरकत्या पट्ट्यावरून माझ्यासारखे हजारो चालले होते, सगळे काळे, सगळे एकाच तोंडवळ्याचे. शेवटच्या टेबलापाशी एक बाई बसल्या होत्या. त्यांनी माझं एकेक बटण दाबून पाहिलं, मला कानाशी धरून हलवलं आणि म्हणाल्या, "हा चांगला आहे. जाऊ दे." इतकं सरळ कौतुक त्यानंतर माझ्या वाट्याला फारसं आलं नाही, म्हणून ते मी अजून जपून ठेवलंय.

तिथून मी ताईच्या घरी आलो. ताई पुस्तकं बांधते. छापून आलेले मोठाले कागद दुमडायचे, पानं क्रमाने लावायची, शिवायची आणि वर पुठ्ठा चढवायचा, हे तिचं काम. दिवसभर सरसाने चिकट झालेले हात ती घरी येऊन खसाखसा धुवायची, पुसायची आणि मगच मला उचलायची. मला हे फार आवडायचं. सगळ्यांना कुठे एवढी रीत असते! काही घरांतले गेमपॅड तेलकट बोटांनी आयुष्यभर बरबटलेले असतात, बिचारे.

'काजळगड' म्हणजे काय, ते आधी सांगतो. त्या खेळात आपण एक शिलेदार घडवायचा. त्याला नाव द्यायचं, स्वभाव द्यायचा, घोडा द्यायचा, आणि मग तो जे करील त्याचं बरंवाईट आपल्या माथी. कुणाला मदत करायची, कुणाला फसवायचं, हे आपणच ठरवायचं. पहिल्या भागात ताईचा शिलेदार असा काही लढायचा की बघत राहावं! तिचे दोन्ही अंगठे माझ्या अंगावर नुसते नाचायचे. वार बसला की माझ्या पोटातली छोटी मोटर घुर्रकन थरथरायची आणि आम्ही दोघंही खूश व्हायचो.

मग एक दिवस ताई घरी उशिरा आली, ती हाताला पांढरं बँडेज बांधून. कागद कापायच्या मशीनमध्ये तिच्या उजव्या हाताची बोटं सापडली होती. हात वाचला, पण अंगठा आणि शेजारचं बोट कायमचं ताठ झालं. ती कामावर परत गेली, डाव्या हाताने सुई धरायला शिकली. मला मात्र तिने कपाटाच्या खालच्या खणात ठेवलं. रागाने नाही हो, अगदी पुसून, फडक्यात गुंडाळून. तेच मला जास्त लागलं. रागावलेलं माणूस कधीतरी निवळतं, पण निगुतीने बांधून ठेवलेली वस्तू सहसा कुणी परत सोडत नाही.

मला बाहेर काढलं ते तिच्या मावसभावाने. त्याला सगळे तारमास्तर म्हणतात, कारण तो रेडिओपासून पाण्याच्या पंपापर्यंत काहीही उघडून बसतो. त्याने ताईच्या आईचं बंद पडलेलं शिलाई मशीन उकललं, त्याचं पायाचं पॅडल काढलं आणि लांब तारेने माझ्या पोटाला जोडलं. आता डाव्या अंगठ्याने चालायचं, डाव्या हाताच्याच बोटांनी उडी मारायची आणि वार करायचा तो पायाने!

"माझं मशीन मोडून हे काय उभं केलंस रे?" आई कंबरेवर हात ठेवून म्हणाली.

"मावशी, तुमच्या मशीनला बढती दिली. आता ते राक्षस मारणार," तारमास्तर म्हणाला.

मित्रांनो, या घरात वस्तूंना पाय फुटतात अशी आईची नेहमीची तक्रार. मला तर खरोखरच फुटला! पहिले काही दिवस ताईचा शिलेदार झाडांशीच लढला. पण हळूहळू पाय वळणावर आला आणि ताई पुन्हा पहिल्यासारखी ओरडायला लागली. त्या ओरडण्यासाठी मी आणखी चार पॅडलं अंगाला बांधून घेतली असती.

तेवढ्यात दुसऱ्या भागाची दवंडी पिटली गेली. काय त्या जाहिराती, काय तो थाट! बनवणाऱ्यांनी छातीवर हात ठेवून सांगितलं, की कुठलाही गेमपॅड चालेल, कुठलंही बटण हवं तसं बदलता येईल. ताईने ते दहा जणांना दाखवलं. पण खेळ आला आणि सगळं मुसळ केरात. बटण बदलायची सोय कुठेच नव्हती. ताईने पॅडल दाबलं की शिलेदार वार करायचा सोडून मटकन खाली बसायचा. समोर आग ओकणारा अजगर, आणि आमचा पठ्ठ्या मांडी घालून गवतात! सगळे खो खो हसले. ताईही हसली. मग तिने खेळ बंद केला आणि भांडी घासायला निघून गेली, कुणी सांगितलं नसताना.

तेव्हापासून या मंडळींनी एक रीत पाडली. दुधाने तोंड भाजलं की माणूस ताकही फुंकून पितो, नाही का? न आलेल्या खेळाची कुणी तारीफ केली, की बाकीच्यांनी त्याच्या तोंडावर "फूऽऽ" करून फुंकर मारायची आणि त्याने सगळ्यांना चहा करून पाजायचा. या फुंकणाऱ्यांचा म्होरक्या म्हणजे ताईचा मित्र, दातांचा डॉक्टर. त्याला सगळे दाढकाढ्या म्हणतात. जाहिरात बघताना तो पडद्याजवळ इतका वाकतो, की त्यातल्या राक्षसाच्याही दाढा तपासतोय असं वाटावं. "हे खेळातलं चित्र नव्हे, हे वेगळं बनवून चिकटवलंय," असं म्हटल्याशिवाय त्याला चहा गोड लागत नाही.

अशात तिसऱ्या भागाची पहिली झलक आली. डोंगर, धुकं, घोडा, आणि शेवटी तीच जुनी ओळ: प्रत्येकाला आपापल्या पद्धतीने खेळता येईल. मी टेबलावर पडल्या पडल्या शहारलो. तारमास्तर तर उडालाच.

"ताई, या वेळी जमवलंय बघ त्यांनी!"

"फूऽऽ!" दाढकाढ्याने इतक्या जोरात फुंकर मारली की टेबलावरचे कागद उडाले. "दुसऱ्या वेळीही असंच जमवलं होतं. ऊठ, चहा टाक."

 ताईनेही फुंकर मारली, पण हलकीच. मला कळत होतं तिच्या मनात काय आहे ते. खेळ फसला तर दाढकाढ्याची एक संध्याकाळ वाया जाणार होती. ताईला मात्र पुन्हा सगळ्यांदेखत गवतात बसावं लागणार होतं. "पुन्हा तसंच झालं ना, तर मी खेळणं सोडणार. हे पॅडलही काढून टाक मग," ती तारमास्तरला म्हणाली. मला कपाटाचा खालचा खण आठवला.

मग आला डेमो, म्हणजे खेळाचा चाखायला दिलेला तुकडा. सगळे जमले. खेळ सुरू झाला, पडद्यावर काहीतरी मजकूर आला, आणि दाढकाढ्याने कीबोर्डवर बोट आपटलं. "पुढे, पुढे! ही शिकवणी नवख्यांसाठी." जुन्या खेळाडूंची ही खोडच असते, मित्रांनो. सुरुवातीच्या सूचना वाचणं त्यांना कमीपणाचं वाटतं. कुणी त्याला अडवलं नाही, ताईनेही नाही. कोल्हा समोर आला, ताईने पॅडल दाबलं, आणि शिलेदार ढिम्म उभा. पुन्हा दाबलं, तरी ढिम्म. कोल्ह्याने त्याला निवांत खाल्लं.

"झालं! म्हटलं नव्हतं मी?" दाढकाढ्याने मांडीवर थाप मारली. त्याचा राग खरा होता, ताईसाठीच होता, पण आपलं भाकीत खरं ठरल्याचा आनंदही त्यात थोडा होता. त्याने तिथल्या तिथे सगळ्याचा व्हिडिओ केला आणि इंटरनेटवर टाकला. बघता बघता तो सगळीकडे पोचला. कुठले कुठले खेळाडू लिहू लागले, "आम्हाला माहीतच होतं!" तारमास्तर बिचारा आपल्याच जोडणीत खोट असेल म्हणून माझे स्क्रू काढून बसला. तारा जागच्या जागी होत्या. मी ठणठणीत होतो हो! पण मला तोंड कुठे आहे?

दुसऱ्या दिवशी ताई कामावरून आली, हात धुतले आणि एकटीच पडद्यासमोर उभी राहिली. पुस्तक बांधणाऱ्यांकडे कुणी पुस्तक परत घेऊन आलं, की ते मधलं काही बघत नाहीत. आधी पहिलं पान उघडतात आणि तिथून एकेक पान मोजत जातात, कुठलं सुटलंय का म्हणून. ताईने अगदी तेच केलं. डेमो पुसून पुन्हा पहिल्यापासून लावला आणि कशालाही हात न लावता थांबली.

पडद्यावर लिहिलं होतं: वार करण्यासाठी तुम्हाला जे वापरायचं असेल, ते आता दाबा. आदल्या दिवशी इथेच दाढकाढ्याने कीबोर्डवर बोट आपटलं होतं, आणि खेळाने तेच वाराचं बटण धरलं होतं.

"अगं बाई!" ताई मटकन खुर्चीत बसली. "जन्मभर पानं जुळवते मी, आणि इथे पहिलंच पान सोडलं!"

तिने पाय उचलला. पॅडल दाबलं. पडद्यावरच्या शिलेदाराने तलवार उपसली आणि सपकन हवा कापली. आहाहा! माझी मोटर अशी घुरघुरली की मी टेबलावरून घसरलोच, ताईने मला वरच्यावर झेललं. ती एवढ्या मोठ्याने किंचाळली की आई पिठाच्या हातांनी धावत आली.

"काय झालं? लागलं का कुठे?"

"आई, तो उभा राहून लढतोय गं!"

आईला त्यातलं ओ की ठो कळलं नाही, पण ताईचा चेहरा बघून ती तिथेच जमिनीवर बसली आणि कोल्हा मरेपर्यंत उठली नाही.

दाढकाढ्या आला तेव्हा आधी मानेना. मग स्वतः पॅडल दाबून पाहिलं आणि कान पकडले. त्याने दुसरा व्हिडिओ केला, 'चूक माझी होती, मी वाचलं नाही' असा. तो मात्र कुणी फारसा बघितला नाही. ज्यांनी बघितला ते म्हणाले, याला कंपनीने फितवलं असणार. शंका घेणाऱ्यावरच लोकांनी शंका घेतली! दाढकाढ्याचं तोंड एवढंसं झालं.

"आपलं चुकलं कुठे माहितेय?" ताई त्याला म्हणाली. "फुंकायला आपण शिकलो, ते बरंच झालं. पण फुंकून झाल्यावर ताक प्यायचंही असतं रे. आपण नुसतंच फुंकत बसलो."

"पण डेमो म्हणजे अख्खा खेळ नव्हे," तो पुटपुटला.

"नव्हेच. म्हणून तर आल्यावर बघू," ताई म्हणाली, आणि तिचं हे म्हणणं मला पूर्ण पटलं.

तर मित्रांनो, तो खेळ आज आला आहे, आणि अहो, पट्टी भरली! तारमास्तर खुर्चीच्या पाठीला धरून उभा आहे. आई देवाचं नाव घेते आहे. दाढकाढ्या दोन्ही हात खिशात कोंबून ओरडतोय, "वाच गं, सगळं वाच, मी कशालाही हात लावत नाही!" ताई एकेक ओळ मोठ्याने वाचते आहे. तिने मला मांडीवर घेतलं. पाय पॅडलवर ठेवला. पहिल्याच वळणावर दगडी राक्षस, ताडमाड उंच. शिलेदार बसतो की काय? नाही! वार! दुसरा वार! ताईने डावीकडे उडी घेतली, जरा लवकरच घेतली, आणि राक्षसाची मूठ धाडकन डोक्यात बसली. खेळ खलास.

 दाढकाढ्या डोळे मिटून उभा.

"हरले!" ताई ओरडली. "अरे, मी हरले! उडी लवकर मारली मी! माझीच चूक, बाकी कुणाची नाही!" आणि ती हसता हसता रडायलाच लागली. डाव्या हाताने तिने मला घट्ट धरून ठेवलं होतं.

मित्रांनो, आम्हाला स्वच्छ हातांनी उचला, आमच्या तारा ओढू नका, खणात टाकण्याआधी एकदा उघडून बघा की आमच्यात अजून काय जोडता येईल. आणि हरलात तर रागाने आम्हाला भिंतीवर फेकू नका. स्वतःच्या चुकीने हरायला मिळावं म्हणून कुणीकुणी वर्षानुवर्षं वाट बघतं. हे बघा, ताईने डोळे पुसले, राक्षस पुन्हा समोर उभा राहिला, आणि तिचा पाय पॅडलवर गेलासुद्धा.