जातो म्हणू नये

चिरंजीव शिष्यवृत्तीवर परदेशी निघाले तेव्हा आईने त्यांच्या बॅगेत हळद भरली आणि डोक्यात संस्कार. हळद विमानतळावर काढून घेतली. संस्कार यंत्रात दिसले नाहीत, त्यामुळे ते सुखरूप पोचले.

चिरंजीव हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. वडील येताजाता 'आमचे चिरंजीव' म्हणत, तेच चिकटलं. हे नाव घेऊन माणूस थेट वृद्धाश्रमात जाऊन पडेल, अशी कल्पना तेव्हा कुणालाच नव्हती. पण शिष्यवृत्तीची अट होती: आठवड्यातून एक दुपार समाजसेवा. चिरंजीवांच्या वाट्याला वृद्धाश्रम आला, आणि त्यातही विसराळू मंडळींचा मजला. त्या मजल्याचं दार आकडे दाबून उघडायचं आणि आकडे फक्त दारवानाला ठाऊक. मंडळींपैकी कुणी "मी जातो" म्हणालं की वाद घालायचा नाही, "हो हो, जायचंच आहे, आधी चहा घेऊ," म्हणून खुर्चीत बसवायचं, असा नियम होता. शाळेची घंटा झाली म्हणून एक हेडबाई रोज निघायच्या आणि रोज चहा पिऊन थांबायच्या.

पहिल्या दिवशी चिरंजीवांनी कर्नलना पेपर वाचून दाखवला. कर्नल कधीही सैन्यात नव्हते, जन्मभर त्यांनी पडदे विकले होते. पण मिशा होत्या. वाचून झालं, चिरंजीव उठले आणि सवयीने म्हणाले, "बरं, येतो मी."

आपल्याकडे माणूस निघताना येतो म्हणतो. जातो म्हटलं तर थोरली माणसं अंगावर येतात. चिरंजीवांनी हे 'येतो' जसंच्या तसं तिथल्या भाषेत उचलून ठेवलं. निरोपाचा तिथला शब्द त्यांना शिकवला होता, नाही असं नाही. पण त्याचा मूळ अर्थ 'देवाच्या स्वाधीन' असा आहे, हेही मास्तरांनी हौसेने सांगितलं होतं. पिकल्या पानांसमोर तो शब्द कसा काढणार?

कर्नलनी विचारलं, "कधी?"

आता, येतो म्हणणाऱ्याला कधी असं विचारायचं नसतं. आपल्याकडे शेंबडं पोरसुद्धा विचारत नाही. चिरंजीव गडबडले.

"येतो की."

"उद्या?"

"हो, हो."

कर्नल स्वतःच्या मुलीला विसरले होते. हे मात्र विसरले नाहीत. दुसऱ्या दिवशी मेट्रनबाईंचा फोन आला. "तुम्ही येतो म्हणालात ना? ते कोट घालून दाराशी बसलेत. जेवायला उठत नाहीत." चिरंजीव धावत गेले, पेपर वाचला, आणि निघताना जीभ पुन्हा तेच बोलली. मग रोजच. आठवड्यातल्या एका दुपारीला पिल्लं झाली.

तिकडे विद्यापीठात प्राध्यापक विचारू लागले की तुम्ही हयात आहात का. चिरंजीवांचा विषय होता बंद खोलीत हवा खेळती कशी ठेवावी. विषय त्यांना आतून समजू लागला होता, पण कागदावर उतरत नव्हता. शेवटी प्राध्यापकांनी स्वच्छ सांगितलं, "गुरुवारी पाच वाजता समितीसमोर विषय मांडा. आला नाहीत तर शिष्यवृत्ती बंद, बॅग भरा."

चिरंजीवांनी घरी फोन लावला.

"आई, मी आता जातो म्हणणार आहे."

"कुणाला?"

"कर्नलना. त्याशिवाय सुटका नाही."

"वय काय त्यांचं?"

"नव्वदीचे असतील."

"आणि नव्वदीच्या माणसाच्या तोंडावर जातो म्हणणार? जीभ कशी वळते रे तुझी?"

"वळत नाही, तोच तर घोटाळा आहे."

मागून बाबा म्हणाले, "अगं, त्यांना मराठी कुठे कळतंय?"

"त्यांना नसेल कळत. वरच्याला कळतं."

"वरच्या मजल्यावर कोण असतं रे?" बाबांनी विचारलं, आणि फोन बंद झाला.

गुरुवारी दुपारी चिरंजीव मनाचा हिय्या करून गेले. बूट, जाकीट, जाकिटातला फोन आणि ओळखपत्र, सगळं नेहमीसारखं दाराबाहेरच्या कपाटात ठेवून आश्रमाच्या मऊ सपाता घातल्या. आत विणकामवाल्या आजींनी त्यांना एक तपकिरी स्वेटर घातला. आजींकडे एकाच रंगाची लोकर होती, त्यामुळे अख्खा मजला तपकिरी होता.

पेपर संपला. चिरंजीव उठले. "कर्नल, मी जातो."

"जा," कर्नल म्हणाले, आणि कोड्याचं पान उलटलं.

बस, एवढंच. आभाळ कोसळलं नाही, फुलदाणीसुद्धा हलली नाही. चिरंजीवांना हलकं वाटलं आणि थोडा रागही आला. त्याच तारेत ते दाराशी गेले. दारवान नवा होता, नुकताच पाळीवर आलेला. नियम त्याला तोंडपाठ होते.

"कुठे निघालात, आजोबा?" माणूस बघायच्या आधी त्याने स्वेटर बघितला होता.

"जातो!" चिरंजीव छाती काढून म्हणाले.

"हो हो, जायचंच आहे. आधी चहा घेऊ."

"अहो, मी विद्यार्थी आहे!"

"हो ना. या बघा तुमच्या हेडबाई."

हेडबाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "उशीर का झाला?"

"माझी परीक्षा आहे पाच वाजता!"

"इथे सगळ्यांचीच असते," दारवान मायेने म्हणाला आणि साखर किती ते विचारलं.

"मेट्रनबाईंना बोलवा!"

"बाहेर गेल्यात. येतील. तोवर बिस्किट घ्या."

चिरंजीवांनी दार ढकललं, ओरडून पाहिलं, शेवटी रडकुंडीला येऊन बिस्किट खाल्लं. भिंतीवरचं घड्याळ मोठ्या आकड्यांचं होतं, विसराळू माणसांसाठी. त्यामुळे वेळ जाताना लांबूनही स्वच्छ दिसत होता. इतक्यात कर्नल कोट घालून शेजारी येऊन बसले.

"जातो म्हणालास?" त्यांनी हळूच विचारलं. "येडा आहेस. जातो म्हटलं की इथे चहा देतात. मी किती वर्षं पितोय."

"मग म्हणायचं काय?"

"तू रोज काय म्हणतोस? तुला तर रोज सोडतात."

चिरंजीव उठले. कप खाली ठेवला, स्वेटर नीट केला, आणि दारवानाला म्हणाले, "बरं, येतो मी."

दारवानाचा चेहरा उजळला. "अरेच्चा! म्हणजे तुम्ही बाहेरचे होय? आधी नाही का सांगायचं?" त्याने आकडे दाबले. दार उघडलं.

"कधी?" मागून कर्नलनी विचारलं.

चिरंजीवांचा एक पाय बाहेर होता. "उद्या," ते म्हणाले. दुसरं काय म्हणणार?

बूट घालायला वेळ नव्हता. जाकीट काखेला मारून ते सपातांतच विद्यापीठापर्यंत पळाले आणि तपकिरी स्वेटरमध्ये, धापा टाकत, बंद खोलीतल्या हवेवर असं काही कळवळून बोलले की समितीतल्या एका बाईंनी उठून खिडकी उघडली. शिष्यवृत्ती तीन वर्षांनी वाढवून मिळाली.

ही बातमी द्यायला चिरंजीवांनी घरी फोन केला. बाबा म्हणाले, "शाब्बास!" मग आईने फोन हातात घेतला.

"विमानतळावर निघताना," आई म्हणाली, "तू येतो म्हणाला होतास."

"हो, मग?"

"कधी?"