अठरा इंची लॅपटॉप

वजनाच्या बाबतीत मला कोणी शिकवायचं काम नाय. टोमॅटोचा क्रेट नुसता उचलला तरी सांगतो, वीस किलो भरला का अर्धा किलो कमी हाय. झेंडूची गोणी पायानं जरा सरकवली तरी अंदाज येतो. फुलबाजारातले व्यापारी काटा लावायच्या आधी माझ्या तोंडाकडं बघतात. असा मी माणूस, आणि चुकलो कुठं, तर एका लॅपटॉपच्या वजनात.

आमचं शेत मखमलाबादच्या पुढं. झेंडू, शेवंती आणि थोडे टोमॅटो. घरात मी, बायको साधना आणि पोरगी पल्लवी. पल्लवीनं कॉम्प्युटरचा डिप्लोमा केला आणि तिच्या डोक्यात गेमचं खूळ शिरलं. खेळायचं नाय, बनवायचं. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी भडकलोच. म्हणलं, शिकून सवरून लोकांची पोरं बिघडवायचा धंदा करणार का तू? ती हसली. माझ्या रागाचं आमच्या घरात कोणाला काही वाटत नाय, ही माझी जुनी तक्रार हाय. साधना म्हणते, तुमचं कुकरसारखं हाय, शिट्टी झाली की गॅस बारीक करायचा.

पुण्याला गेम बनवायचा दोन वर्षांचा कोर्स होता, त्यात पल्लवीचा नंबर लागला. तोच कोर्स घरी बसून ऑनलाइन पण करता येत होता. काय करणार ते शुक्रवारी दुपारपर्यंत कळवायचं होतं. काहीही केलं तरी गेमिंगचा लॅपटॉप लागणारच होता, साधा चालत नाय म्हणे. तिनं मोबाइलवर दोन काढून ठेवले होते, एक चौदा इंची आणि एक अठरा इंची. रविवारी जेवताना तिनं सरळ सांगितलं, घरून करायचं तर मोठा घेऊ, टेबलावर ठेवून द्यायचा. पुण्याला जायचं तर छोटा, कारण होस्टेल, बस, कॉलेजचे जिने, रोज पाठीवर घेऊन फिरायचं. आधी दुकानात जाऊन बघू, मग ठरवू, असं म्हणाली आणि भाकरी मोडायला लागली.

मी हातातला घास परत ताटात ठेवला. आता लपवायचं काय, मला ती जायला नको होती. बास. पाच वर्षं झाली, रोज पहाटे पिकअपमध्ये ती माझ्या शेजारी बसते. तिसरा गिअर अडकला की मी गाडीला शिव्या घालतो, ती थर्मासच्या झाकणात चहा ओतून पुढं करते. बाजारात मी व्यापाऱ्यावर चिडतो, ती गोड बोलून काम करून घेते. ती गेली म्हणजे शेजारची सीट मोकळी, आणि मी एकटा बसून चिडणार कोणावर? पण पोरीला तोंडानं जाऊ नको म्हणायचं, ते मला जमेना. तिचा नंबर लागला तेव्हा गल्लीभर पेढे वाटणारा मीच. मग मी डोकं चालवलं. जड लॅपटॉप घेऊन द्यायचा. जड वस्तू माणूस कुठं घेऊन फिरत नाय.

लगेच मी मोठ्याची बाजू लावून धरली. बारक्या पडद्यानं डोळे जातात. बारकी वस्तू लवकर तापते. बारकी वस्तू चोर पटकन उचलतो. घ्यायचं तर एकदाच आणि दणकट घ्यावं. लॅपटॉपमधलं मला ओ की ठो कळत नाय, पण बोलायला काय लागतं? पल्लवी शांतपणे ऐकून घेत होती. साधना भांडी घासत होती, तिनं मागं वळूनसुद्धा बघितलं नाय.

"तुम्ही लॅपटॉप नाय घेत," ती म्हणाली, "खुंटा घेताय."

मी म्हणलं, काहीही बोलते. आणि गोठ्याकडं निघून गेलो, तिथं माझं काही काम नव्हतं.

सोमवारी फुलं विकून आम्ही तसेच शहरात एम. जी. रोडला गेलो. दुकान दहाला उघडलं. कुंदन नावाचा एक चुणचुणीत माणूस काउंटरला होता. त्यानं दोन्ही लॅपटॉप काचेवर शेजारी शेजारी मांडले. छोटा वहीएवढा, दिसायला देखणा. मोठा म्हणजे पोळपाट ठेवायची जागा नसलेल्या ओट्यावर कोणी परात आणून ठेवावी तसा. मला लगेच आवडला.

पल्लवीनं पर्समधून पेनड्राइव्ह काढला. तिनं स्वतः बनवलेला एक गेम त्यात होता, तो तिला दोन्हीवर चालवून बघायचा होता. आधी छोट्यावर लावला. पाच मिनिटं बरा चालला, मग आतला पंखा घरघरायला लागला आणि चित्र अडखळायला लागलं. कुंदननं कबूल केलं की छोट्यात हवा खेळायला जागा कमी, त्यामुळं जड काम दिलं की तो तापतो. मी लगेच म्हणलं, बघ, मी काय सांगत होतो. मग तोच गेम मोठ्यावर लावला.

पहाटेचा रस्ता होता. एक पिकअप चाललेली, मागं फुलांचे क्रेट. फुलं न सांडता उजाडायच्या आत बाजार गाठायचा, असा तो गेम. पिकअपचा डावा दिवा मिणमिणता होता, आमच्या गाडीचा हाय तसाच. आत मिशीवाला ड्रायव्हर. खड्डा आला की तो मूठ आपटून काहीतरी बडबडायचा. कुंदननं एकदा पडद्याकडं बघितलं, एकदा माझ्याकडं, आणि ओठ दाबून हसायला लागला. मी म्हणणार होतो की मी असा बडबडत नाय, तेवढ्यात मला शेजारची सीट दिसली. तिथं एक पोरगी बसली होती आणि तिच्या हातात थर्मासचं झाकण होतं. छोट्या पडद्यावर मला नुसती गाडी पळताना दिसली होती, ते झाकण नाय.

 मला हे तिनं कधी दाखवलं नव्हतं, आणि मी तरी कधी विचारलं होतं? मी कुंदनकडं पाणी मागितलं.

कुंदन माणूस खरा. त्यानं पल्लवीला नीट समजावलं की मोठा कामाला चांगला, पण सव्वातीन किलोचा हाय, वर चार्जर जवळजवळ किलोभर. बॅटरी फार टिकत नाय, चार्जर सोबत न्यावाच लागतो. रोज नेणं-आणणं असेल तर हा घेऊ नका, खांदा धरेल, असं त्यानं स्पष्ट सांगितलं. मला त्याला मिठी मारावीशी वाटली. पल्लवीनं एका हातात छोटा, एका हातात मोठा उचलून बघितला. मग मोठा आणि त्याचा चार्जर दुकानातल्या एका बॅगेत भरला, बॅग पाठीला लावली आणि दुकानाचा जिना उतरून रस्त्यापर्यंत गेली, परत वर आली. मी मनात म्हणलं, पोरगी किती बारकाईनं बघते. तेव्हासुद्धा माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाय, एवढा मी खूश होतो.

"हाच घेऊ, पप्पा," ती म्हणाली.

येताना मी पाव किलो पेढे घेतले. साधनानं पेढा घेतला, पण माझ्याकडं असं बघितलं की माझा पेढा मला गोड लागला नाय. मंगळवारी मी गावातल्या सुताराकडून टेबल आणलं. बुधवारी खिडकीजवळ तीन प्लगचा बोर्ड बसवून घेतला. पल्लवी म्हणत होती, पप्पा, एवढं कशाला. मी म्हणलं, दोन वर्षं बसायचंय, पाठ दुखायला नको. ती यावर काहीतरी बोलणार होती, पण वायरमन आला आणि ते राहिलं. टेबलावर लॅपटॉप ठेवला तेव्हा मी लांब उभा राहून बघितलं. मस्त दिसत होता.

गुरुवारी संध्याकाळी शेवंतीवर औषध मारून मी घरी आलो, तर टेबल मोकळं. पल्लवीच्या कॉटवर कपड्यांच्या घड्या, आणि लॅपटॉप तिच्या कॉलेजच्या जुन्या बॅगेत. मी पाठीवरचा पंप न उतरवताच दारात उभा राहिलो.

"अगं, मोठा घरी राहणार होता ना? तूच म्हणलीस."

"म्हटलं होतं. तेव्हा हातात घेऊन बघितला नव्हता." ती घडी घालत बोलत होती. "चार किलो आहे, पप्पा. आपला क्रेट वीस किलोचा असतो. दहावीपासून उचलते मी."

मी पंप खाली ठेवला. खरंच की. गाडीतून क्रेट उतरवताना खांद्यावर कसा घ्यायचा, वजन हातावर ठेवायचं नाय, पाठीवर टाकायचं, हे तिला शिकवलं कोणी? मीच. वीस-वीस किलोचे क्रेट उचलायला लावून पोरगी तयार केली, आणि तिला अडवायला निघालो चार किलोनं. वजनातलं मला कळतं म्हणे.

मग मी बोलून टाकलं. कॉटच्या कोपऱ्यावर बसलो आणि म्हणलं, मला वाटलं, जड घेतला की तू जाणार नाय. ती थांबली. साधना स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी होती.

"मग सरळ का नाही म्हणालात, जाऊ नको म्हणून?"

"म्हणलं असतं तर?"

"थांबले असते," ती म्हणाली. "अजून कळवलं नाहीये मी त्यांना. उद्या दुपारपर्यंत वेळ आहे. आत्ता म्हणा."

ती रागानं म्हणाली असती तर मला सोपं गेलं असतं, मीही चढलो असतो. पण ती खरंच विचारत होती. एक शब्द काढला की ती राहणार होती, हे मला तिच्या तोंडावर दिसत होतं. आणि तो शब्द माझ्या जिभेवर होता, खोटं कशाला सांगू. शेजारच्या सीटवर ती बसलेली मला दिसत होती, चहाचं झाकण धरून. पण ती सीट तर तिनं त्या गेममध्ये आधीच सोबत घेतली होती, पुण्याला गेली तरी ती तिच्याजवळच राहणार होती.

मी तिची बॅग उचलली. पट्टा बोटात धरून बघितला.

"हा लय पातळ हाय," मी म्हणलं. "पुण्यात जिने चढून खांदा कापेल तुझा. साधना, दाभण दे."

फवारणीच्या पंपाच्या पट्ट्याला जाड फोमची गादी असते. सोळा लिटर औषध पाठीवर घेऊन दिवसभर फिरायचं असतं, म्हणून ती लावलेली. मी दोन्ही गाद्या उसवून काढल्या, साबणानं धुतल्या, फडक्यात दाबून वाळवल्या आणि गोण्या शिवायच्या दाभणानं तिच्या बॅगेच्या पट्ट्यांना शिवायला बसलो. पल्लवी समोर बसून दोरा धरत होती. मध्येच तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. मी म्हणलं, दोरा ओला करू नको, गाठ बसत नाय. 

शिवून झाल्यावर तिनं बॅग पाठीला लावून अंगणात चार फेऱ्या मारल्या. मी विचारलं, कुठं रुततोय का? ती नाही म्हणाली. दुसऱ्या दिवशी सकाळीच तिनं पुण्याला कळवून टाकलं, दुपारची वाट बघितली नाय.

तिला जाऊन आता महिना झाला. ती फोनवर सांगते की चार मजले चढते, खांदा दुखत नाय, वर्गातल्या पोरी त्या गाद्यांना हसतात आणि मग तीच बॅग उधार मागतात. पहाटे मी थर्मास शेजारच्या सीटवर ठेवतो, बेल्ट लावतो त्याला, नायतर वळणावर लवंडतो. फवारणी करताना पंपाचा उघडा पट्टा खांद्यात रुततो, दोन्हीकडं वळ उठलेत. साधना रोज म्हणते, नवीन गाद्या आणा, दुकान काय लांब हाय का. आणीन म्हणतो. आज काय, उद्या काय.