व्हिलर्माकची टाकी

माझ्या पोरीला मी एकदा टाकीच्या तळातून पाहिलंय. वर गोल भोक, भोकात तिचं डोकं, आणि मी खाली. खरं तर मी आखातात, रास लफानच्या मेसमध्ये डाळ-भात खात बसलो होतो. पण डोळे तिथं होते. कसे, ते सांगतो.

कोमल माझी थोरली. नाशकात वाइनचं शिकली आणि यंदा सप्टेंबरात तोडणीच्या हंगामाला फ्रान्सला गेली, व्हिलर्माक नावाच्या गावात. गाव कसलं, आमच्या निफाडकडची वस्ती मोठी असेल. तीनशे माणसं, एक चर्च, एक पाववाला, चौकात चार झाडं, खाली नदी. बाकी जिकडं बघाल तिकडं द्राक्षं. कबरस्तानाच्या भिंतीपर्यंत वेली. त्याही कमरेएवढ्या, मांडव-बिंडव काही नाही. मी म्हणालो, अगं ही द्राक्षं नाहीत, कुणीतरी वांगी लावलीत. तर म्हणते, पप्पा, या वांग्यांची एक बाटली घ्यायची तर तुम्हाला लोन काढावं लागेल. पोरगी माझ्यावरच गेलीय.

त्या गावाची एक रीत आहे. बाराचे टोले पडले की गाव बंद. दुकान बंद, सरपंचाचं ऑफिस बंद, ऐन हंगामातसुद्धा तोडणीवाले सगळे मालकाच्या घरी लांब टेबलावर जेवायला. दोन तास कुणी हात हलवत नाही. तिथले बारा म्हणजे आमचा दुपारचा एक, माझी जेवणाची सुट्टी. म्हणून कोमल जेवायला थोडी उशिरा जायची आणि तेवढ्यात मला व्हिडिओ कॉल लावायची.

आता माझं सांगतो. मी मस्करीखोर माणूस, सगळ्या कॅम्पला ठाऊक आहे. सोबत काम करणाऱ्या काशिफच्या हेल्मेटमध्ये रबराची पाल कुणी ठेवली, हे विचारायचीसुद्धा गरज पडत नाही. कोमलला एकदा कपाळावर टोमॅटो सॉस लावून फोन केला होता. तेव्हापासून ती माझ्या कुठल्याच गोष्टीवर विश्वास ठेवत नाही.

फक्त टाकीच्या तोंडाशी मी मस्करी करत नाही. माझं कामच ते आहे, होल वॉच. आत माणसं टाकी साफ करतात, मी बाहेर तोंडाशी बसायचं. गॅसचा मीटर बघायचा, आत किती डोकी आहेत ते ध्यानात ठेवायचं. पंधराएक वर्षांत टाकीत मेलेल्यांच्या गोष्टी बऱ्याच ऐकल्यात. त्यातली अर्धी माणसं कामासाठी उतरलेलीच नव्हती. काहीतरी पडलं होतं, ते उचलायला गेली होती.

त्या दिवशी कोमल मला टाकी दाखवत होती. सिमेंटची, जुनी, दोन पुरुष खोल, वर झाकण. आत द्राक्षं आंबवून रस काढून घेतलेला, तळाशी नुसती सालं उरलेली. जेवण झालं की खालचं दार उघडायचं, पंखा लावायचा आणि सालं ओढून काढायची. ‘बघा पप्पा, रंग बघा,’ म्हणत तिनं हात आत धरला आणि फोन सुटला.

स्क्रीनवर सगळं जांभळं फिरलं. थप्प झालं. सालं मऊ, फोनला काही झालं नाही. कॅमेरा वर राहिला. वायफाय तिथलंच, त्यामुळं कॉलही तुटला नाही. वर गोल उजेड, त्यात तिचं डोकं.

‘थांबा पप्पा, आले.’

माझ्या हातातला घास तसाच राहिला. ‘कोमल, उतरू नको. खाली गॅस असेल.’

‘माहितीय मला. कार्बन डायऑक्साइड. शिकलेय मी. श्वास रोखून जाते, दोन मिनिटांत वर.’

‘उतरू नको म्हणतोय ना. मरशील.’

‘झालं तुमचं सुरू.’ आणि हसली.

मी उभा राहून ओरडायला लागलो. पाया पडतो म्हणालो, आईची शपथ घातली. शेजारी काशिफ पोट धरून हसत होता, म्हणे सुदामभाई, आज नया नाटक? उजेडाच्या कडेवर शिडीचं टोक आलं. मग तिचा बूट दिसला, पिवळा, पहिल्या पायरीवर.

फोन कापावा तर ती फोन घ्यायला उतरणारच. नाही कापावा तर माझ्याशी बोलत बोलत उतरणार. आणि तिथं तोंडाशी बसायला माणूस नाही, अख्खं गाव जेवतंय.

पण मस्करीचा धंदा माझा. त्यात एक गोष्ट पक्की असते. ओरडला तो पकडला जातो, हळू बोलला त्याचं खपतं. मी खाली बसलो. आवाज एकदम साधा काढला.

‘बरं, ये. जरा बघून पाय ठेव. फोनच्या शेजारी उंदीर आहे.’

बूट थांबला.

‘कुठं?’

‘इथंच. सालीत अर्धा बुडालाय. जिवंत आहे वाटतं, शेपटी हलतेय.’

ही पोरगी एकटी परदेशात गेली, मालकाशी भांडली, कशालाच भ्यायली नाही. पण उंदीर म्हटलं की खुर्चीवर चढते. बूट झटक्यात वर गेला. ‘शी! रेमाँला बोलावते,’ एवढं ऐकू आलं. रेमाँ म्हणजे तिथला म्हातारा मालक. मग भोक रिकामं झालं.

आता खरी भीती वाटायला लागली. ती कुठं गेली ते मला दिसत नव्हतं. खालचं दार उघडून डोकावली तर? दुसऱ्या बाजूनं उतरली तर? मी त्या रिकाम्या भोकाकडं बघत बसलो. काशिफनं पाणी पुढं केलं, मी ग्लासाकडं बघितलंसुद्धा नाही. तेव्हा त्याचं हसणं थांबलं.

शेवटी भोकात दोन डोकी आली. एक म्हाताऱ्याचं, गळ्यात रुमाल तसाच, तोंडातला घास तसाच. तो फ्रेंचमध्ये तिला झापत होता. मग त्यानं तारेला मेणबत्ती बांधली आणि खाली सोडली.

ज्योत माझ्याकडं यायला लागली. सरळ, शांत. अर्ध्यावर आली आणि विझली. वारा नाही, फडफड नाही. जशी कुणी चिमटीत धरावी तशी गेली.

काशिफही टाकीचाच माणूस. त्यानं ताट बाजूला सारलं आणि तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटला.

वरून कोमलचा बारीक आवाज आला.

‘पप्पा... मी अर्ध्यावर आले असते.’

‘हो.’

‘मी श्वास रोखूनच येणार होते.’

‘माहितीय बाळा.’

ती भोकाच्या कडेला बसून रडायला लागली, डोकं आत झुकवून, माझ्याकडं बघत. म्हातारा तिला उठवत होता. आणि मी खालून ओरडत होतो, मागं सरक, अजून मागं सरक. आधी खांदे गेले, मग केस गेले. भोकात नुसतं छप्पर दिसायला लागलं, तेव्हा कुठं मी फोन बंद केला.