तात्यांचा कान

इंदापुरातून बारामतीकडं निघालं की गाव संपता संपता सावळारामचं एअर ब्रेकचं गॅरेज लागतं. ट्रक आला की त्याची रीत ठरलेली. टाक्यांत हवा पुरी भरायची, चाकांना ठोकळे लावायचे, इंजिन बंद करायचं आणि ड्रायव्हरनं ब्रेक दाबून धरायचा. मग सावळाराम ओरडायचा, "गप रं समदी!" शेजारचा चहावालासुद्धा स्टोव्ह बारीक करायचा. सावळाराम एकेका चाकाशी वाकून कान लावायचा आणि हवा कुठं फुसफुसली की बोट नेमकं तिथंच ठेवायचा. पंचवीस वर्षं हेच. "तात्यांनी कान लावला, आता घाट उतरायला भ्या न्हाय," असं ड्रायव्हर म्हणायचे.

पण गेल्या दिवाळीपासून त्याला घरातल्या कुकरची शिट्टी ऐकू येईना. हे त्यानं कुणालाच सांगितलं नाही. कान गेला म्हटल्यावर गाडी दारात थांबेल कशाला? तो वाकायचा, सगळी चाकं त्याला गपगार वाटायची आणि तो "ठीक हाय" म्हणून मोकळा व्हायचा.

एक दिवस रतनचा दहाचाकी ट्रक आला. सावळाराम सगळी चाकं फिरला आणि उठून हात झटकत म्हणाला, "ठीक हाय. जा."

त्याची सून सोनल पलीकडं पाने-पकडी पुसत होती. दोन वर्षांत ती हे काम चांगलं शिकली होती. "रतनभाऊ, ब्रेक सोडू नका," ती म्हणाली. साबणाच्या पाण्याचा मग आणि ब्रश घेऊन मागच्या डाव्या चाकाशी बसली आणि तिथल्या बूस्टरवर, म्हणजे हवेच्या जोरानं ब्रेक ओढणाऱ्या डब्यावर, फेस फासला.

"मामंजी, हितं जरा बघा."

फेसाचे बुडबुडे टम्म फुगत होते, फुटत होते, पुन्हा फुगत होते.

"रतनभाऊ, हवेचा काटा किती उतरला?" तिनं वर हाक मारली.

"काटा कोण बघतंय? तात्यांचा कान हाय की!" रतन वरून म्हणाला. मग काट्याकडं बघून बोलला, "आयला! आठावर हुता, सातच्या खाली आलाय!"

सावळारामनं त्या बुडबुड्यांवर बोट ठेवलं. "कवापासनं ठावं हाय तुला?"

"कुकर करपला तवापासनं," सोनल हळू म्हणाली. "चारचौघांत कसं सांगू? तुमच्या मागनं मी फेस लावून बघत हुते, आज सकाळी तेवढी न्हवते."

रतनचं त्याला एवढं वाटलं नाही, त्याची गाडी समोरच होती. पण सकाळी जोतीरामची गाडी अशीच कानानं पास केली होती, आणि जोतीराम बारामतीत माल भरून आज घाट उतरणार होता. न सांगावं, तर एक माणूस घाटात. सांगावं, तर साऱ्या रस्त्याला कळणार.

"फोन लाव जोतीरामला," तो म्हणाला. "मोठ्यानं ऐकू येईल असा."

"मी निमगाव केतकीत भजी खातोय, तात्या."

"भजी खा आन् गाडी माघारी आण."

"का? सकाळी तुमीच पास केली न्हवं?"

सावळारामनं फोन आपल्या हातात घेतला. "मला कानानं कमी येतंय, जोतीराम. सकाळी मला काय बी ऐकू आलं नव्हतं."

 पलीकडनं आवाज आला, "येतो. सावकाश येतो."

तोवर दोघांनी रतनच्या बूस्टरमधली फाटकी रबरी चकती बदलली. सावळारामच्या हातांना काही झालं नव्हतं. पुन्हा फेस लावला तेव्हा एकही बुडबुडा आला नाही.

जोतीराम आला. ठोकळे लागले, इंजिन बंद झालं. "गप रं समदी!" सावळाराम ओरडला, पण या वेळी तो केबिनमध्ये चढून काट्यापुढं बसला. खाली चाकाचाकाशी सोनलनं कान लावला. काटा जागचा हलला नाही.

"न्हाय मामंजी, कुठंच न्हाय."

"म्हंजी गाडी चांगलीच हुती!" जोतीराम वैतागला. "उगं निमगावापासनं माघारी पळवलं मला."

"उगं न्हाय. सकाळी मी अंदाजानं बोललो हुतो, आता बघून सांगतोय. जा."

रतन हसत म्हणाला, "तात्या, पुढच्या खेपंला मी तुमच्याकडं येऊ का वैनीकडं?"

"तिच्याकडं ये. काटा मी बघीन."

जोतीरामनं निघताना मुद्दाम भोंगा दाबला, लांबलचक. तो सावळारामला ऐकू आला, आणि त्यानं हात वर केला.