वीस मिनिटांची नळी

मेंढरांच्या वाड्याची जाळी गुंडाळताना सरुबाईच्या घोट्याला साप चावला होता. तिचा नवरा बहिरू तिला घेऊन आळे गावाजवळच्या दिशा डॉक्टरच्या दवाखान्यात आला, तेव्हापासून त्याचं एकच चाललं होतं. "लस टोचा की, मॅडम! वाट कसली बघताय?"

"मागच्या वेळी साप चावला तेव्हा त्याच लशीनं यांचा श्वास कोंडला होता, असं तुम्हीच सांगितलंत ना? विष भिनलं असेल तर जोखीम घेऊन देईन. भिनलंच नसेल तर?"

कितीतरी दंशांत विष उतरतच नाही, हे दिशाने अभ्यासांमधून वाचलं होतं. सरुबाईला सूज थोडीच होती, पापण्या जड नव्हत्या. विष भिनलं की रक्त गोठत नाही; काचेच्या नळीत घेतलेलं तिचं ताजं रक्त वीस मिनिटांत गोठलं नाही, तर लस द्यायची. शेजारच्या नळीत दिशाने स्वतःचं रक्त घेतलं.

"मॅडम, तुम्हाला कुठं साप चावलाय?" निर्मला सिस्टर हसल्या.

"विरजण लावल्यावानी बसलाय राव समदे," बहिरू म्हणाला. "बाई हाय ती, दूध न्हाई!"

वीस मिनिटांनी दिशाने सरुबाईची नळी कलंडवली. रक्त पाण्यासारखं वाहिलं.

"पातळ हाय! आता तरी टोचा!"

निर्मलाने लशीची कुपी फोडायला घेतली. दिशाने दुसरी नळी कलंडवली. तेही वाहिलं. तिचं स्वतःचं.

"थांबा, सिस्टर. या नळ्या कुठल्या?"

"धुतलेल्या. साबणाची पावडर लावून चांगल्या घासल्यात, एक डाग ठेवला नाही."

चूक तीच होती. साबणाचा अंश राहिला, तर निरोगी रक्तही गोठत नाही. दिशाने कोऱ्या नळ्यांचं खोकं फोडलं आणि दोघींचं रक्त पुन्हा घेतलं.

"अजून वीस मिन्टं? हिला काय झालं तर तुमाला सोडनार न्हाई मी!"

"सोडू नका." तिने सरुबाईची नाडी धरली, ती सोडली नाही. हिरड्यांतून रक्त येतंय का ते तपासलं, सूज मापली. घड्याळात वीस मिनिटं भरल्यावर तिने नळ्या उचलल्या.

आधी स्वतःची नळी. घट्ट. मग सरुबाईची. गोळा काचेला धरून बसला होता, हललाही नाही.

"आत्ता लस नाही," दिशा म्हणाली, "पण उद्यापर्यंत इथंच ठेवायचं. तासाभराने परत बघू."

तासाभराने सरुबाईची तिसरी नळी लावली. निर्मला टेबल पुसायला आल्या, तसा बहिरू आडवा आला.

"लांबून, बाई. हात लावू नका. बसतंय ते."