डावा डोळा

ड्रायव्हरचा उजवा खांदा दाराच्या चौकटीवर आपटला आणि त्याने शिवी हासडली ती चौकटीलाच. बायकोने दातांनी दोरा तोडला. अलीकडे हे रोजचंच झालं होतं.

"अहो, चष्मा लावला होता का आज?"

"लावला की. सगळं ठीक आहे म्हणतात."

उजव्या डोळ्यात काचबिंदूची सुरुवात दिसली, तेव्हा दवाखान्याने तो जाडजूड चष्मा घरी दिला होता. आत कडेकडेने ठिपके चमकायचे, ठिपका दिसला की बटण दाबायचं. निकाल आपोआप दवाखान्यात पोचायचा. निकाल चांगला येत होता, म्हणूनच बसचं स्टिअरिंग अजून त्याच्या हातात होतं. पण चष्मा घेऊन तो रोज शेजारच्या मास्तरांकडे जायचा. तिथे शांतता असते म्हणे. घरात तरी कोण ढोल बडवत होतं? तिच्या मनात पाल चुकचुकायची.

दुपारी दवाखान्यातून फोन आला, तो तिनेच उचलला.

"त्यांचा उजवा डोळा उत्तम आहे," नर्स म्हणाली. "पण डाव्याची नजर झपाट्याने कमी होतेय. आजच घेऊन या. गेलेली नजर परत येत नाही."

तो खिडकीकडे तोंड करून बसला होता. ती मागून गेली आणि त्याच्या उजव्या कानापुढे कात्री हलवली. तो ढिम्म. मग डाव्या बाजूला.

"अगं, डोळा फोडशील!"

"डावा तर चांगला दिसतोय तुमचा. दवाखाना म्हणतो, तोच चाललाय." तिने कात्री खाली ठेवली. "कुणाचे डोळे पाठवता तुम्ही?"

त्याने भिंतीपलीकडच्या मास्तरांच्या घराकडे बोट दाखवलं.

"मास्तरांचे. थोडीच वर्षं राहिलीत गं नोकरीची. आणि त्यांना काय, बसल्या बसल्या बटण दाबायचं. त्यांची नजर चांगली, म्हणून तर..."

तो मध्येच थांबला. म्हणजे डावा डोळा मास्तरांचा चालला होता. त्याचा चेहरा पडला.

"चष्म्याचं न बोलता नुसतं सांगितलं, एकदा डोळे दाखवून घ्या, तर?" त्याने विचारलं.

"हसण्यावारी नेतील ते. आणि तुमच्या गाडीत माणसं बसतात, त्यांचं काय?"

त्याने संध्याकाळच्या पाळीचा खाकी शर्ट हातात घेतला, परत खुंटीला टांगला आणि साधा सदरा घातला.

मास्तरांनी हसतच दार उघडलं. "आज दुसऱ्यांदा? चष्मा कुठाय?"

"आणला नाही," तो म्हणाला. "मास्तर, चपला घाला. तुम्हालाच न्यायला आलोय."